राखवणची हातसाखळी

थोरल्याच्या सातव्या कातीनंतरचं ते तेविसावं वर्ष. आमच्या डोंगरात वर्षं अशीच मोजतात. थोरला कात टाकतो तिथून नवी मोजणी सुरू होते. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि थोरला जागा व्हायला चार दिवस राहिले होते.

"ठकू, झोपलीस का उभ्या उभ्या? घे!"

चिंगूकाकू भट्टीच्या तोंडातून कौल काढून माझ्या हातात आदळायची, मी ते पुढच्या बाईला द्यायची, ती तिच्या पुढचीला. आमच्या राखवण गावात घरटी एकजण तरी कौलभट्टीवर असे. भट्टी पुरती निवेपर्यंत थांबलं तर डोंगरवाऱ्याने कौलं तडकतात, म्हणून गरम असतानाच ती उतरवून खालच्या राखेच्या वाफ्यात पुरावी लागत. भट्टीपासून वाफ्यापर्यंत बायकांची रांग लागे आणि कौल हातोहात खाली जाई. कुणाच्याच हाती ते क्षणभराहून जास्त राहत नसे.

त्या दिवशी केरोबा मठातून खाली आला होता. पंचविशीतला, सरळ नाकाचा, चालताना आपल्याकडे कोण बघतंय याचा अंदाज घेत चालणारा. माझ्या पुढच्या बाईला त्याने बाजूला व्हायला सांगितलं.

"हात भाजून घेता कशाला? मी उभा राहतो इथे."

मी कौल दिलं. त्याने ते दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, आणि तसाच उभा राहिला.

"केरोबा, पुढे द्या की!" चिंगूकाकू ओरडली.

"दमा काकू. यातली धग अजून संपली नाही."

"धग कुणाला संपवायचीय, बाबा? आम्हाला कौल हवंय!"

तेवढ्यात तिने पुढचं कौल माझ्या हातात दिलं होतं. केरोबाचे हात भरलेले. मी कुठे देऊ? दोन श्वास कसेबसे धरलं आणि टाकून दिलं. ते फुटलं. मागोमाग आणखी एक फुटलं.

केरोबाने डोळे उघडले. "पोळका हात आहे पोरीचा," तो हसून म्हणाला. रांगेतल्या बायाही हसल्या. मला गावात पोळकी ठकू म्हणतच असत. लहानपणापासून ऊन भाकरीसुद्धा मला धरवत नसे.

त्या हसण्यातच वरून कुणीतरी मला हाक मारली. बांधावर भिवराआत्या उभी होती.

थोरला म्हणजे आमचा व्याळ. घाटाखालचे व्यापारी त्याला ड्रॅगन म्हणतात आणि गालात हसतात, पण त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. डोंगराच्या पोटातल्या गुहेत तो पंख मिटून निजतो आणि अकरा वर्षांनी एकदा, एक दिवसापुरता जागा होतो. गुहेच्या जमिनीवर सात उंबरे कोरलेले आहेत. उंबऱ्यागणिक धग वाढते. सातव्या उंबऱ्यावर पोचून जो थोरल्याला हात लावेल त्याला तो आपला श्वास देतो, आणि असा माणूस मग परत येत नाही. तो थोरल्याचा होतो. त्याला म्हातारपण नाही, मरण नाही. आजवर असे तिघे झाले, असं मठाच्या वहीत लिहिलेलं आहे.

मठातली माणसं त्यासाठी ऊब धरायला शिकतात. तळहातावर निखारा घ्यायचा आणि त्याची धग आत ओढून अंगात साठवायची. जितकी धग अंगात, तितका माणूस पुढे गेलेला. त्यांना कुणी शिवायचं नाही, कारण शिवलं की धग दुसऱ्यात उतरते आणि वर्षांची कमाई जाते.

बाकीच्या गावासाठी हातसाखळी होती. जागेच्या दिवशी सकाळी मठातले लोक एकेकटे आत जात आणि दुपारी गाव हातात हात धरून आत शिरे. सर्वांत पुढे सगळ्यांत तयारीचा माणूस, त्याच्यामागे त्याहून कच्चा, असं करत शेपटाला आमच्यासारख्या. शेवटच्याने आपला मोकळा हात गुहेबाहेरच्या ओढ्यात बुडवून ठेवायचा, असा रिवाज होता. का, ते कुणी विचारत नसे. साखळी तिसऱ्या उंबऱ्यापलीकडे कधीच गेली नव्हती. तिथे पुढचा माणूस गुदमरायचा, सगळे मागे फिरायचे, बाहेर येऊन गूळ-फुटाणे खायचे. मठात याला 'बायकापोरांची जाग' म्हणत.

भिवराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. अठराव्या वर्षी मठात गेली ती चाळीस वर्षं ऊब धरून होती. पौषातसुद्धा एका सुती लुगड्यावर असे. ती बसली की आजूबाजूचं गवत पिवळं पडे. मागच्या जागेच्या वेळी ती सातव्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती आणि हात न लावता परत आली होती. का, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. भ्याली, असं लोक हळू आवाजात म्हणत. साठीच्या पुढच्या माणसाला मठ एकट्याने आत सोडत नसे, म्हणजे या खेपेची जाग ही तिची शेवटची. ती या वेळी नक्की पोचणार, यावर गावात कुणाला शंका नव्हती. मठाने चौथ्या नावासाठी वहीचं नवं पान आखून ठेवलं होतं.

ती माझी सख्खी आत्या, पण मी तिला कधी हात लावला नव्हता.

ती बांध उतरून आली आणि माझ्यापासून दोन हात अंतरावर उभी राहिली.

"ठकू, तापलेलं कौल हातात आलं की तू काय करतेस?"

मला वाटलं, फुटलेल्या कौलांबद्दल बोलणी बसणार. "काही नाही आत्या. देऊन टाकते."

"लगेच?"

"मग काय, कवटाळून बसू?"

चिंगूकाकूने जीभ चावली. आत्याशी असं कुणी बोलत नसे. पण आत्या हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि केरोबाच्या हातातल्या त्या एका कौलाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीवर हजर.

"मला रांगेत घ्या," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चिंगूकाकू तेवढी बोलली. "तुम्हाला शिवायचं नसतं ना भिवराबाई?"

"कौलाला शिवायला हरकत नाही. कौल द्या."

तिला जमेना. चाळीस वर्षांची सवय. हाताला ऊन लागलं की बोटं आपोआप मिटत, धग आत ओढली जाई, आणि पुढच्या बाईच्या हातात पडे ते थंडगार कौल. ते राखेत जाण्याआधीच तडकून जाई.

"अहो सोडा! सोडा की!" चिंगूकाकू कमरेवर हात ठेवून तिला शिकवत होती. "एवढ्या मोठ्या बाई तुम्ही, आणि कौल द्यायला येईना? हे बघा, हात असा ढिला. कौल तुमचं नाही. तुमच्याकडे आलंय आणि चाललंय."

"परत द्या," आत्या म्हणायची.

पहिल्या दिवशी तिने अकरा कौलं फोडली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातून पहिल्यांदा कौल ऊनच्या ऊन पुढे गेलं. पुढच्या बाईने "हाय!" म्हणून ते झेललं आणि आत्याच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद पसरला. वरच्या बांधावरून केरोबा हे सगळं बघत होता. आपली गुरू भट्टीवर राखेत माखलेली बघून त्याला लाज वाटत असावी. तो खाली आला नाही.

जागेच्या दिवशी सूर्य वर आला तसा डोंगर गुरगुरला. सगळं गाव गुहेपुढच्या अंगणात जमलं. मठाचे प्रमुख अंबाजीबुवा वही घेऊन दाराशी बसले. सत्तरीचे, करारी, पण मनाने मऊ. आत्याला मठात घेतलं ते त्यांनीच.

आधी केरोबा गेला. पाचव्या उंबऱ्यावरून परत आला, भुवया जळालेल्या. तो जाऊन ओढ्याकाठी बसला आणि त्याने डोक्यावर ओलं फडकं ठेवलं.

"भिवरा," बुवांनी हाक मारली.

आत्या उभी राहिली. "मी सकाळची नाही जात, बुवा. दुपारी जाईन. साखळीतून."

अंगणात कुजबुज झाली. बुवांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"साखळीच्या पुढे उभी राहणार म्हणतेस?"

"पुढे ठकू. तिच्यामागे मी."

मी आईच्या मागे सरकले. मला वाटलं, आत्याचं डोकं फिरलं. लोकांनाही तसंच वाटलं असणार, कारण एकदम सगळेच बोलायला लागले. आत्याने हात वर केला.

"चार दिवसांमागे केरोबा कौलांच्या रांगेत उभा राहिला आणि रांग अडली. का अडली? तो कच्चा म्हणून? तो पक्का म्हणून अडली. पिढ्यान्‌पिढ्या आपण साखळीच्या पुढे धरणाऱ्याला उभं करतोय. तो सगळी धग स्वतःत धरतो, भरला की गुदमरतो आणि साखळी परत. मागच्यांना काही लागतही नाही, काही मिळतही नाही. पुढे पोळका हात हवा. ज्याला धरताच येत नाही, असा."

"पोर भाजून निघेल, भिवरा!" बुवा उठले.

"मी मागे धरून ठेवलं तर निघेल. सोडलं तर नाही."

"आणि सोडलंस तर तुझं काय? चाळीस वर्षांचं जे आहे ते सगळं जाईल. अग, संध्याकाळपर्यंत तू थोरल्याची झालेली असशील. ही तुझी शेवटची जाग आहे." बुवांनी वहीचं कोरं पान तिच्यापुढे धरलं. "मी तुला अठराची असताना निखारा धरायला शिकवलंय."

"धरायला शिकवलंत, बुवा. फार चांगलं शिकवलंत. आता हात अवघडलेत."

बुवा खाली बसले. त्यांनी वही मिटली.

माझी आई पुढे आली. तिने आत्याच्या तोंडाकडे बघितलं. "वन्सं, मला ही एकच आहे."

"ठाऊक आहे, हंसा."

"मग तुमच्यामागे मी उभी राहते. तुमचा हात माझ्या हातात असला म्हणजे तुम्ही काय करता ते मला कळेल."

"ये," आत्या म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही, असं आता वाटेल. आत्याने विचारलं. बाजूला नेऊन म्हणाली, "नको म्हणालीस तरी चालेल. मग गूळ-फुटाणे खाऊ आणि घरी जाऊ."

"तुम्ही एकट्या जाणार नाही मग?"

"नाही."

"का?"

"परत आल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि तिने आपला हात पुढे केला. मी तो धरला. तव्यासारखा ऊन होता. माझा हात झटकन मागे आला.

"असंच," ती म्हणाली. "फक्त हात सोडू नकोस. ऊब सोड."

दुपारी आम्ही शिरलो. पुढे मी, मग आत्या, मग आई, चौथी चिंगूकाकू, आणि मागे गाव. एकूण एकोणतीस माणसं. तान्ही मुलं, त्यांच्या आया आणि अंथरुणाला खिळलेले तेवढे मागे राहिले.

पहिले दोन उंबरे म्हणजे चुलीपुढे बसल्यासारखं. तिसऱ्यावर वाऱ्याची झळ तोंडावर आली. माझ्या उजव्या हातात आत्याचा हात होता. मी कौल देते तशी झळ देऊन टाकली. खरं सांगायचं तर मी काहीच केलं नाही; मला धरता येत नव्हतं एवढंच. झळ माझ्यातून आत्यात गेली, तिच्यातून आईत, आणि मागे एकेकाचा "हं" ऐकू येत गेला, अगदी कौलांच्या रांगेत येतो तसा. पार मागून कुणीतरी ओरडलं, "पाण्यातून वाफ निघतेय!" ओढ्यात हात का बुडवायचा, ते तेव्हा पहिल्यांदा गावाला समजलं.

चौथा उंबरा. साखळी इथवर कधी आली नव्हती. मागे कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. चिंगूकाकू मोठ्याने म्हणाली, "ढकलू नका रे, बाजार आहे का?"

पाचव्यावर धग माझ्या अंगावर धावूनच आली. मी ती सोडली, आणि ती गेली नाही.

आत्याचा हात ताठ झाला होता.

मला समजलं ते फक्त एवढंच, की मी देते आहे आणि घेणारे हात भरलेले आहेत. तळहात जळायला लागला. मी मान वळवून बघितलं. आत्याचे डोळे मिटलेले, जबडा आवळलेला. तिने ठरवून केलं नव्हतं. मागे आई होती, काकू होती, म्हातारेकोतारे होते. त्यांना ही आच लागू नये म्हणून तिचं अंग आपोआप सगळं आत ओढून घेत होतं. चाळीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

"आत्या!" मी किंचाळले. "आत्या, सोड!"

तिला 'तू' म्हणून हाक मारायची ती माझी पहिलीच वेळ.

"वन्सं, मला द्या!" आई मागून ओरडली. "मी घेते, द्या ना!"

"भिवराबाई!" हा चिंगूकाकूचा भट्टीवरचा आवाज, गुहेत दसपट मोठा झालेला. "कौल तुमचं नाही!"

आत्याने डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडून असा काही आवाज आला की तो मला आजही सांगता येत नाही. बाळंत होणारी बाई शेवटच्या कळेला काढते तसा. तिची बोटं ढिली झाली. आणि जे गेलं ते फक्त माझ्याकडचं नव्हतं. चाळीस वर्षांचं सगळं गेलं. आईच्या हातून, काकूच्या हातून, एकेकाच्या अंगातून ते लाटेसारखं मागे गेलं. सांधे धरलेले म्हातारे पुढे कित्येक वर्षं सांगत असत की त्या क्षणी त्यांचे गुडघे मोकळे झाले. बाहेर ओढा असा फसफसला की अंगणातल्या बायका मुलांना घेऊन मागे पळाल्या.

मग सहावा उंबरा सोपा गेला. पण सातव्याच्या अलीकडे चार पावलांवर साखळी थांबली.

"पुढे चला ना," मी म्हणाले.

"पुढे कुठे?" मागून निरोप हातोहात आला. "शेवटच्याचा हात पाण्यातून निघतोय. माणसं संपली!"

दोन माणसं कमी पडत होती. हात पाण्यातून निघाला तर सगळी धग साखळीतच राहिली असती. आम्ही तशाच उभ्या. माझ्या डोळ्यांसमोर काळोखात काहीतरी हललं, आणि मला वाटलं, आता परत फिरायचं.

बाहेर काय झालं ते मला नंतर समजलं. ओढ्याकाठी केरोबा ओलं फडकं डोक्यावर धरून बसला होता आणि दाराशी बुवा. त्या दोघांना कुणी हाक मारली नाही, मठाच्या माणसाला हाक कोण मारणार? केरोबा आपणच उठला. साखळीच्या शेवटच्या माणसाचा, म्हणजे कुंभार आळीतल्या आंधळ्या मानाजीचा हात त्याने हातात घेतला. तरी एक हात अंतर राहिलं. मग बुवांनी वही दगडावर ठेवली, धोतराचा काचा मारला, ओढ्यात गुडघाभर उतरले आणि केरोबाला म्हणाले, "दे बाबा हात. पन्नास वर्षांत कुणाला दिला नाही, जरा सांभाळून घे."

आम्ही चार पावलं पुढे सरकलो.

मी थोरल्याला पाहिलं. त्याचं डोकं आमच्या घराएवढं होतं, खवले विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचे. त्याने एक डोळा उघडला. आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती नजर माझ्यावरून हलली आणि आत्याकडे गेली, आईकडे गेली, आणि तशीच सावकाश, एकेका तोंडावरून, पार गुहेच्या दाराकडे गेली, जिथे उजेडात बुवा ओढ्यात वाकून उभे होते. तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही. मग त्याने हनुवटी अलगद सातव्या उंबऱ्यावर टेकली, एखादं दमलेलं जनावर टेकतं तशी, आणि मी त्याच्या नाकाडावर हात ठेवला.

तो श्वास ऊन नव्हता. कोमट होता. राखेत भाजलेल्या रताळ्यासारखा वास होता त्याला. तो माझ्यातून मागे गेला, आणि मी नेहमीसारखाच तो जाऊ दिला.

कुणी उडालं नाही, कुणी नाहीसं झालं नाही. आम्ही बाहेर आलो आणि ऊन लागल्यावर एकमेकांकडे बघत राहिलो. कुणालाच हात सोडावेसे वाटेनात. शेवटी एका पोराला शिंक आली आणि साखळी सुटली.

उतरताना आत्या मागे पडली. मी थांबले. ती दोन्ही दंड चोळत होती.

"हे काय होतंय गं? अंगावर काटा येतोय."

"थंडी वाजतेय तुला."

"हीच का थंडी?" ती नवलाने म्हणाली. मी माझी शाल तिला पांघरली. खाली अंगणात कुणीतरी पेज दिली. तिने सवयीने घटाघट घोट घेतले आणि जीभ भाजली. एवढी हसली की पेज सांडली.

"परत आल्यावर सांगते म्हणाली होतीस," मी आठवण दिली.

तिने पेजेचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मागच्या खेपेला मी तिथेच उभी होते, तू होतीस तिथे. हात पुढे केला होता. त्याने डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे बघितलं. बराच वेळ. जेवणाचं आमंत्रण अख्ख्या घराला द्यावं आणि दारात एकटंच कुणी उभं राहावं, तेव्हा घरची बाई त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघते ना, तसं. थोडी वाट बघितली त्याने, आणि डोळा मिटला. हात लावला असता तर श्वास मिळाला असता, नाही असं नाही. पण मला लावता आला नाही."

"मग अकरा वर्षं कुणाला बोलली का नाहीस? लोक तुला भित्री म्हणत होते."

"बोलले असते तर बुवांनी वहीत लिहिलं असतं, भिवराला दृष्टान्त झाला. मग लोक माझ्या दृष्टान्ताच्या मागे आले असते. मला ते कौलं उतरवायला येतात तसे यायला हवे होते. ते कसं करायचं, हेच मला सुचत नव्हतं." तिने शाल घट्ट ओढली. "तू म्हणालीस, कवटाळून बसू का. तेव्हा सुचलं."

आता त्यातलं कुणी उरलं नाही, मी सोडून.

अंबाजीबुवा आणखी चार वर्षं होते. चौथ्या नावासाठी आखलेल्या पानावर त्यांनी 'गाव आलं होतं' एवढंच लिहिलं. केरोबा दुसऱ्याच महिन्यात निघून गेला, उत्तरेच्या डोंगरात एकट्याने ऊब धरायला. आठ वर्षांनी परतला तो सरळ भट्टीवर आला आणि रांगेत उभा राहिला. मधल्या वर्षांबद्दल तो बोलला नाही आणि चिंगूकाकूनेही त्याला विचारलं नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. काकू नव्वदीपर्यंत जगली. दरवर्षी गोष्ट सांगताना ती साखळीत एकेक माणूस पुढे सरकायची. शेवटी शेवटी तर थोरल्याने तिलाच आधी पाहिलं होतं. माझी आई त्या दिवसानंतर वन्संना अरेतुरे करू लागली आणि दोघी रोज भांडायच्या.

माझं म्हणाल तर उजव्या तळहातावर डाग आहे, आणि ऊन भाकरी अजूनही धरवत नाही. थोरला त्यानंतर सहा वेळा जागा झाला. पुढच्याच जागेला पुढे कोण उभं राहणार यावरून गावात भांडण झालं, सगळ्यांनाच आपण सगळ्यांत कच्चे आहोत असं वाटायला लागलं होतं, आणि साखळी पाचव्यावरून परत आली. नंतर दोनदा सातव्यापर्यंत गेली. दरवेळी जातेच असं नाही.

भिवराआत्या पुढची जागही पाहायला नव्हती. ती नऊ वर्षं जगली, मठात नाही, आमच्या घरी. चाळीस वर्षं जिला कुणी शिवलं नव्हतं, तिला आता कुणाचाही हात चाले. शेवटच्या हिवाळ्यात तिचे पाय गार पडायचे. आळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, रोज एकीने येऊन तिचे तळवे चोळायचे. गेली त्या दिवशी केरोबाच्या बायकोची पाळी होती; परतल्यावर वर्षाच्या आत त्याने लग्न केलं होतं. मठातून नव्या बुवांनी एक माणूस वही घेऊन धाडला होता, थोरांचं शेवटचं बोलणं टिपून ठेवायची तिथली चाल आहे. तो उशाशी लेखणी धरून बसला. केरोबाची बायको धावत आली, दारातच चपला भिरकावून. आत्याने डोळे उघडले आणि म्हणाली, "उशीर केलास गं. ये, बस."

लिहायला आलेला माणूस आत्या अजून काही बोलेल म्हणून थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने वही मिटली. त्याने लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं.